गोड्या पाण्याचं बेट

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या येडशीत अंदमानचं नाव ज्याच्या त्याच्या तोंडी असतं. स्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलात कुणीतरी मोबाइल पुढं करतो आणि म्हणतो, "आला बघा अंदमानात." काय आला, हे कुणी विचारत नाही. एक जूनच्या आसपास केरळ, मग कोकण, मग आपण, असा बोटांवर हिशेब होतो आणि माणसं सोयाबीनच्या बियाण्याच्या भावाकडं वळतात. त्याच अंदमानात लोक पैसे मोजून फिरायला जातात, हे आमच्याकडं बऱ्याच उशिरा ध्यानात आलं.

यंदा हा विषय घरातच निघाला. पोरगा पुण्यात नोकरीला आहे. म्हणाला, "आप्पा, एकदा सगळे मिळून बेटावर जाऊ. कुठल्या, ते तुम्ही ठरवा." तो मोकळा झाला. सुनेच्या मनात मालदीव. हिला अंदमानचं सेल्युलर जेल बघायचं होतं. शेजारचे आबा न विचारता मॉरिशसच्या बाजूनं उभे राहिले. ट्रॅव्हलवाल्यांची पत्रकं जमली. कुठलंही उघडा, तिरका नारळ, पांढरी वाळू आणि निळं पाणी. वरचं नाव झाकलं, तर कुठलं बेट कुठं आहे ते छापणाऱ्यालाही सांगता यायचं नाही.

मग मी सगळ्या बेटांना एकच प्रश्न लावला. तिथं प्यायचं पाणी कुठून येतं?

सून हसली. "आप्पा, आपण सुट्टीला चाललोय, टँकरच्या पाहणीला नाही." तिचं चुकत नव्हतं. पण धाराशिव जिल्ह्यात आयुष्य काढलेल्या माणसाला गावाची पारख दुसऱ्या कशावरून करता येत नाही. सोयरीक जमवतानासुद्धा आमच्याकडं आधी विहिरीला पाणी किती, ते बघायचे.

मालदीवपासून सुरुवात केली. सुमारे 1,200 बेटं, आणि साऱ्या देशातली सर्वांत उंच नैसर्गिक जागाही समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर. डोंगर नाही म्हणून नदी नाही, नदी नाही म्हणून धरण नाही. राजधानी मालेचा नळ समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्रावर चालतो. डिसेंबर 2014 मध्ये त्या प्रकल्पात आग लागली आणि लाखभर माणसांचं शहर एका दिवसात कोरडं पडलं. तेव्हा भारतानं हवाई दलाच्या विमानांतून आणि नौदलाच्या जहाजांतून तिथं पाणी पोचवलं. चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला पाणी विमानातून! आम्हाला यात हसण्यासारखं काही नाही. पुढं दीड वर्षातच, एप्रिल 2016 मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. 'जलदूत' म्हणायचे त्या गाडीला. कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव करत ती आमच्या येडशीच्याच रुळांवरून पुढं गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या, साधारण पाच लाख लिटर पाणी. ज्यांच्या दारावरून पाण्याची रेल्वे गेली, त्यांना मालेची ती बातमी परक्या देशातली वाटत नाही. तिथल्या रिसॉर्टमध्ये तळ्यात डुंबताना मला त्या यंत्राची घरघर ऐकू येत राहील. सुनेला येणार नाही. तिनं नवऱ्याबरोबर जरूर जावं.

लक्षद्वीपचं पाणी मात्र फार बघण्यासारखं आहे. 36 बेटं, त्यांतल्या दहांवर वस्ती, सगळी मिळून जमीन 32 चौरस किलोमीटर. पाऊस पडतो तो पोवळ्याच्या वाळूत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतो, कारण गोडं पाणी हलकं. बेटाच्या पोटात असा गोड्या पाण्याचा पातळ थर असतो. तो विहिरीतून बेतानं काढला तर पुरतो. मोटार लावून ओढला, की खालचं खारं पाणी वर चढतं. एका बोअरशेजारी दुसरं बोअर पाडणाऱ्या आमच्या भागातल्या माणसांची एक सहल सरकारी खर्चानं तिथं काढायला हवी. शिवाय कवरत्तीला 2005 पासून एक प्रकल्प चालतो. समुद्राचं वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफाळायचं आणि खोल समुद्रातून ओढलेल्या थंडगार पाण्यानं ती वाफ पुन्हा द्रवरूप करायची. त्यातून रोज लाखभर लिटर गोडं पाणी मिळतं. जावंसं वाटलं. पण लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही परवाना लागतो, कोचीहून जहाज किंवा अगत्तीचं विमान मिळावं लागतं आणि राहण्याच्या जागा मोजक्या. जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांचे तिथले फोटो आल्यापासून साऱ्या देशाला लक्षद्वीप आठवलं आहे. एवढ्याशा जमिनीवर आणि त्याहून एवढ्याशा पाण्यावर आपणही जाऊन पडावं का, हा विचार मनातून गेला नाही.

हिच्या अंदमानला माझा विरोध नव्हता. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, डोंगर, जंगल. 1906 साली बांधून पुरं झालेलं ते जेल, 1911 ते 1921 सावरकर तिथल्या कोठडीत. मराठी माणसानं एकदा जावं अशी ती जागा आहे, यात दुमत नाही. पण एवढा पाऊस पडूनही पोर्ट ब्लेअरला, म्हणजे 2024 पासूनच्या श्री विजयपुरमला, उन्हाळ्याच्या शेवटी पाणीकपात होते. पाऊस पडणं आणि पाणी असणं या दोन गोष्टी आहेत, हे आमच्या गावात पोरालाही कळतं. शिवाय माझा आपला एक हट्ट. जिथून पावसाची बातमी येते, तिथं सहलीला जाऊन ती बातमी शिळी करायची नाही. हिनं यावर जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

मॉरिशसचं आबांचं म्हणणं खरं होतं. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांनी तिथं आपले सण टिकवले, गणेश चतुर्थीला तिथं सार्वजनिक सुट्टी असते. पण विमानाचे सहा-सात तास आणि त्याचं भाडं ऐकल्यावर आबाच म्हणाले, "मग आपला इथलाच गणपती बरा." बालीनं जरा वेळ घेतला. तिथले भातशेतकरी शेकडो वर्षं 'सुबक' नावाच्या संघांतून पाटपाणी वाटून घेतात. पाण्याच्या देवळात बसून पाळी ठरते, आणि ही व्यवस्था 2012 पासून जागतिक वारशात आहे. वर तिथं शक संवत्सर चालतं, आपल्यासारखंच इसवी सन 78 पासून मोजलेलं. नव्या शकाच्या दिवशी, न्येपीला, सारं बेट गप्प बसतं, विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. पाडव्याला डीजे लावणाऱ्या मंडळांनी नोंद घ्यावी. बाली माझ्या यादीत दुसरं.

पहिलं श्रीलंका. आणि त्याला कारण सीता नाही, तलाव.

लंकेशी आमच्या येडशीचं नातं तसं जुनं आहे. गावाशेजारच्या रामलिंगाच्या दरीत रावणाची वाट जटायूनं अडवली आणि तो तिथंच पडला, अशी आमची श्रद्धा. जटायूची समाधी देवळाजवळ दाखवतात. नाशिक जिल्ह्यातलं टाकेद, आंध्रातलं लेपाक्षी आणि केरळातलं चडयमंगलम हेही तसंच सांगतात. पण पावसाळ्यात रामलिंगचा धबधबा कोसळत असताना कुणी हा वाद काढत नाही. हिला नुवारा एलियाजवळचं सीतेचं देऊळ मिळालं, तेव्हा तिनं अंदमान सोडलं. मी माझ्या कामाला लागलो.

लंकेच्या उत्तर आणि पूर्व भागाला तिथली माणसं कोरडा प्रदेश म्हणतात. कोरडा म्हणजे काय, तर वर्षाला 1,750 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस! आमच्या जिल्ह्यात सातशेच्या आसपास पडला तरी लोक पेढे वाटतील. पण त्या कोरड्या प्रदेशात दीड-दोन हजार वर्षांपूर्वीपासून माणसांनी तलाव बांधले, आणि एकेकटे बांधले नाहीत. एका ओढ्यावर वरपासून खालपर्यंत तलावांची माळ. वरचा भरला की सांडवा खालच्याला, त्याखालच्या शेतातून पाझरलेलं पाणी पुन्हा त्याखालच्या तलावाला. तलावाच्या वर झाडांचा पट्टा राखायचा, म्हणजे गाळ अडतो आणि वारा पाणी उडवत नाही. बांधाखालीही झाडोरा ठेवायचा, म्हणजे पाझरातला क्षार शेतात उतरत नाही. आपल्याकडं पाणलोटाच्या कामात 'माथा ते पायथा' म्हणतात आणि बऱ्याचदा पायथ्यालाच बिल निघतं. तिथं ते गावागावानं करून ठेवलेलं आहे. अन्न व कृषी संघटनेनं या पद्धतीची जागतिक महत्त्वाचा शेती-वारसा म्हणून नोंद केली आहे. बाराव्या शतकातल्या पराक्रमबाहू राजाचं धोरण तर असं सांगतात, की पावसाचा थेंबही माणसाच्या कामी आल्याशिवाय समुद्रात जाऊ द्यायचा नाही. त्यानं पोलोन्नारुवाला विस्तारलेल्या तलावाला नावच पराक्रम समुद्र. समुद्रानं वेढलेल्या बेटावर राजाला आणखी एक समुद्र हवा होता, आणि तो गोडा.

सगळ्यांत आवडली ती धातुसेनाची गोष्ट. पाचव्या शतकातला हा राजा. त्यानं कलावेवा नावाचा मोठा तलाव बांधला. तिथून अनुराधपुरापर्यंत पाणी नेणारा 87 किलोमीटरचा जुना कालवा आहे, आणि सुरुवातीच्या 27 किलोमीटरमध्ये त्याचा उतार दर किलोमीटरला जेमतेम दहा सेंटिमीटर. लेव्हलिंगचं यंत्र नसताना! नव्या चारीत एक तर पाणी चढत नाही नाहीतर चारी वाहून जाते, असा ज्यांचा अनुभव आहे, त्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. धातुसेनाचा मुलगा कश्यप. त्यानं बापाला कैद केलं आणि खजिना कुठं दडवलाय ते विचारलं. बाप त्याला कलावेव्याच्या काठावर घेऊन गेला, पाण्यात उतरून आंघोळ केली, ओंजळ भरून पाणी उचललं आणि म्हणाला, माझी संपत्ती ती एवढीच. लंकेचा जुना इतिवृत्तग्रंथ 'चूळवंस' ही गोष्ट सांगतो. कश्यपानं बापाला मारलं आणि पुढं सिगिरियाच्या प्रचंड कातळावर आपला राजवाडा बांधला.

आता प्रत्येक सहलवाला सिगिरिया दाखवतो. जागा मोठी देखणी, कातळावरची चित्रं, पायथ्याच्या बागा, पावसाळ्यात आजही उडणारी कारंजी. कलावेव्याचं नाव मात्र मला मिळालेल्या एकाही पत्रकात नव्हतं. खुनी मुलाचा महाल यादीत आणि बापाचा तलाव रस्त्यावरून जाताना डावीकडं. पर्यटनाचा धंदा असाच चालायचा.

आता घरात श्रीलंकेचं ठरलं आहे. सून मालदीवला नंतर जाईल. पैशाची अडचण असेल, त्यांनी बेट बघायला विमानात बसण्याचीही गरज नाही. मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसा आणि सिंधुदुर्गावर उतरा. भर समुद्रात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, आणि 1664 साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेट निवडलं तेव्हा त्यांनाही गोडं पाणी बघावंच लागलं असेल. कसल्याही वेढ्यात मीठपाणी पिऊन किल्ला लढत नाही. पावसाळ्यात होड्या बंद असतात, एवढं ध्यानात ठेवा.

श्रीलंकेला जाणाऱ्यांसाठी शेवटी कामाची माहिती. या बेटाला दोन मान्सून आहेत. कोलंबो, गॉल हा पश्चिम-दक्षिण किनारा आणि डोंगरातला चहाचा भाग डिसेंबर ते मार्च चांगला. मे ते सप्टेंबरमध्ये जायचं असेल, तर पूर्वेचं त्रिंकोमाली गाठा. ऑक्टोबर-नोव्हेंबरला बहुतेक सगळीकडं पाऊस असतो, म्हणजे दिवाळीची सुट्टी टाळलेली बरी. आमच्यासारख्या शेतकऱ्याला तूर काढून झाल्यावर, जानेवारीच्या शेवटी जाणं सोयीचं, आणि ईशान्य मान्सूनचा मुख्य पाऊस होऊन गेल्यानं तेव्हा तलावही भरलेले असतात. सिगिरियाला नेणाऱ्या गाडीवाल्याशी भाडं ठरवतानाच कलावेव्याचा बांध त्यात धरायला सांगा. नंतर सांगितलंत तर तो जादा पैसे मागेल.