विजेची मोटार घेण्याआधी



विजेवर चालणाऱ्या मोटारींबद्दल विचारणारी पत्रे अलीकडे वरचेवर येऊ लागली आहेत. त्यांतले मुक्ताईनगर तालुक्यातल्या एका केळीवाल्या कुटुंबाचे पत्र सर्वांत लांब आणि सर्वांत मुद्द्याचे, म्हणून आज तेच पुढे घेतो. घरात आजीबाई धरून सात माणसे. डिझेलची जुनी जीप आता रस्त्यापेक्षा गॅरेजमध्येच जास्त दिसते. मुलाचे म्हणणे, आता विजेचीच घेऊ. वडिलांचे म्हणणे, अरे, पंप चालवायला वीज पुरत नाही, मोटार कशावर चालवशील? या वादात आम्हाला पंच नेमले आहे.

आधी गाडीविषयी थोडे. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली, तेव्हापासून घरगुती वापराची विजेची मोटार आपल्याकडे रस्त्यावर दिसू लागली. पण ती पाच जणांची. सात जणांच्या घराला परवडेल अशी गाडी त्यानंतर बऱ्याच काळाने आली. जुलै २०२५ मध्ये कियाची कॅरेन्स क्लॅव्हिस ईव्ही आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महिंद्रांची एक्सईव्ही ९एस. पहिली सुमारे १८ लाखांपासून, दुसरी सुमारे २० लाखांपासून, आणि हे आकडे शोरूमचे. विमा आणि बाकीचा खर्च वेगळा. जीप आणि मोटार यांच्या मधला हा प्रकार आहे. बसायला उंच, पण चालवायला मोटारीसारखा.

आता वडिलांचा प्रश्न. आमच्या मते सगळ्या पत्रातला खरा प्रश्न तोच आहे. मुलाने चार पाने कंपनीच्या माहितीने भरली आहेत, पण घरी कोणते मीटर आहे, याची एक ओळही लिहिलेली नाही.

तुम्ही गावात राहत असाल आणि घराला गावठाण फीडरची वीज असेल, तर निम्मे काम झाले. स्वतःची गाडी घरच्या मीटरवर चार्ज करायला वेगळा परवाना लागत नाही. मात्र मंजूर भार पाहा. खेड्यात पुष्कळ घरांचा भार एक किलोवॅट किंवा त्याहूनही कमी असतो, आणि गाडीबरोबर मिळणारा साधा चार्जर एकटाच तीन किलोवॅटच्या आसपास ओढतो. तेव्हा महावितरणकडे अर्ज करून आधी भार वाढवून घ्या. भिंतीवर बसवायचा मोठा चार्जर सात किलोवॅटचा असतो, त्याला भार आणखी लागेल. घाई नसेल तर साधा पुरतो.

दुसरे, वायर. मिक्सर पाच मिनिटे चालतो, इस्त्री अर्धा तास, पण गाडी सात-आठ तास सलग वीज ओढते. जुनी बारीक वायर तेवढ्या वेळात तापते, प्लगचे प्लॅस्टिक वितळते. मीटरपासून गाडीपर्यंत चार चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर, वेगळा एमसीबी आणि गळती पकडणारे आरसीसीबी, एवढे परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. गुंडाळीची एक्स्टेन्शन वायर अजिबात नको. अर्थिंग तर हवेच. अर्थिंग नीट नसेल तर बहुतेक चार्जर सुरूच होत नाहीत, आणि लोक समजतात गाडी बिघडली. आपल्याकडे मे महिन्यात जमीन कोरडी ठणठणीत होते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा.

पण तुमचे घर मळ्यात असेल, तर गोष्ट वेगळी. शेतीपंपाच्या फीडरवर थ्री-फेज वीज ठरावीक तास येते, कुठे दिवसा, कुठे पाळीने रात्री. सौर कृषी वाहिनीचे काम जिथे पुरे झाले तिथे ती दिवसा मिळू लागली आहे. बाकीच्या वेळी सिंगल फेज आली तरी दाब इतका कमी की पंखासुद्धा रखडतो. अशा विजेवर रोजची गाडी अवलंबून ठेवू नये.

आणि इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण पत्रात मुलाने ती हळूच विचारली आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत वीज मोफत आहे. मग विहिरीवरच्या पेटीतून गाडी चार्ज केली तर फुकटच की! नाही भाऊ. ती वीज पंपासाठी दिलेली आहे. दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी त्या वापराला लागू असलेल्या दराच्या दुप्पट होते. किती दिवस वापरली ते सांगता आले नाही तर मागच्या बारा महिन्यांची धरतात. शिवाय एका डीपीवर दहा-पंधरा पंप असतात. तुमच्या गाडीच्या भाराने डीपी उडाली तर ऐन उन्हाळ्यात शेजाऱ्याचीही केळी वाळेल, आणि ते भांडण महावितरणच्या बिलापेक्षा महाग पडेल. मळ्यात राहणाऱ्याने आधी घरगुती जोडणी मागावी, ती मिळून चार-सहा महिने वीज कशी राहते ते पाहावे, मग गाडी.

छतावर सौर पॅनेल बसवण्याचा विचार चांगला आहे. केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते, आणि तेवढी पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास वीज देतात. मात्र विक्रेते एक गोष्ट सहसा सांगत नाहीत. मीटरला जोडलेले साधे सौर यंत्र बाहेरची वीज गेली की आपणहून बंद पडते, भर उन्हातसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून तशी योजना असते. म्हणजे सौर पॅनेलने बिल उतरते, वीज जाणे थांबत नाही.

आता हिशेब. मोठी विजेची गाडी एका युनिटला सहा किलोमीटरच्या आसपास जाते असे धरा. महिन्याला १,२०० किलोमीटर फिरलात तर २०० युनिट, वाटेतली घट धरून २२०. घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतो, म्हणून गाडीचे युनिट वरच्या टप्प्यात पडतात हे विसरू नका. युनिटला १२ रुपये धरले तरी २,६४० रुपये झाले. त्याच फिरण्याला लिटरमागे १५ किलोमीटर देणारी डिझेलची गाडी ८० लिटर पिते. ९० च्या भावाने ७,२०० रुपये. महिन्याला साडेचार हजारांची बचत, वर्षाला पन्नास हजारांच्या वर. पण विजेची गाडी तशाच डिझेलच्या गाडीहून चार-पाच लाखांनी महाग पडली तर ती तफावत भरून यायला आठ-दहा वर्षे जातात. तुमचे फिरणे महिन्याला ४०० किलोमीटरच असेल, म्हणजे बाजार, बँक आणि एखादे लग्न, तर नुसत्या बचतीसाठी ही गाडी घेऊ नका. कांदेबागेचा सगळा पैसा एका वर्षी गाडीत घातला आणि पुढच्या वर्षी वादळाने बाग आडवी केली, असे आपल्या भागात अनेकदा झाले आहे. कर्जाचा हप्ता बागेकडे पाहून थांबत नाही.

एका चार्जिंगमध्ये किती जाते? क्लॅव्हिसच्या मोठ्या ५१.४ युनिटच्या बॅटरीला कंपनी ४९० किलोमीटर सांगते. अशा आकड्यातून पाव ते तिसरा हिस्सा वजा करून चाला. सात माणसे, एसी आणि खानदेशी ऊन असेल तर तिसराच. जळगावला जाऊन-येऊन साधारण १२० किलोमीटर होतात, त्याची चिंताच नको. पुण्याला बोदवड, जामनेर, पहूर, अजिंठ्याचा घाट करत गेलात तर साडेचारशेच्या आसपास. वाटेत एकदा चार्जिंग ठरवूनच निघा. वीस मिनिटांत बॅटरी भरते ही जाहिरात पावणेदोनशे किलोवॅटच्या आसपासच्या चार्जरची आहे. तीस किलोवॅटचा मिळाला तर तासापेक्षा जास्त वेळ लागेल, आणि पुढे एक गाडी उभी असेल तर दोन तास. पथकराची माफी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू यांवर आहे. आपल्या दारावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर ती धरू नका.

बॅटरी किती टिकते, हे वहिनींनी स्वतंत्र चिठ्ठीत विचारले आहे. उष्णता हा बॅटरीचा शत्रू. पारा पंचेचाळीसच्या घरात असताना भरलेली गाडी आठ-आठ दिवस उन्हात उभी ठेवू नये. गोठ्याच्या बाजूला पत्र्याची का होईना सावली करा, लांबून आल्यावर गाडी थोडी निवू द्या आणि रात्री चार्जिंग लावा. हमीचा कागद मात्र ओळ न् ओळ वाचा. महिंद्रा आणि टाटा काही गाड्यांच्या बॅटरीला पहिल्या मालकापुरती ‘आयुष्यभराची’ हमी देतात. टाटांच्या कागदात हे आयुष्य पंधरा वर्षांचे आहे, आणि गाडी विकली की हमीच्या अटी बदलतात.

बाकीचे भराभर सांगतो. बॅटरी पाणबंद असली तरी पुराच्या नाल्यात गाडी घालू नका, डिझेलचीही घालत नाही ना? घरात धान्य असेल तर उंदीर असणारच, आणि ते वायर कुरतडतात. नारिंगी रंगाची वायर दिसली तर तिला गावच्या मिस्त्रीने हात लावायचा नाही, तिच्यात जिवावर बेतणारा दाब असतो. कंपनीच्या ज्या कारागिराला ते काम येते तो तुमच्यापासून किती किलोमीटरवर बसतो, हे बुकिंगच्या आधी विचारा. काही गाड्यांतून बाहेर वीज घेता येते. त्यावर दिवे, पंखा, मिक्सर चालेल. तुमचा पाच अश्वशक्तीचा थ्री-फेज पंप चालणार नाही.

आणि आजीबाईंना शोरूमला नक्की घेऊन जा. बॅटरी तळाशी असल्याने अशा गाड्यांची जमीन उंच असते आणि मागच्या ओळीत बसले की गुडघे पोटाशी येतात. ती जागा नातवंडांची. आजींना मधल्या ओळीत बसवून, पायरी न देता चढता-उतरता येते का, ते दोनदा करून पाहा. सातही जण बसल्यावर मागे किती पिशव्या मावतात तेही तिथेच पाहून घ्या.