मेरियनचा बळी

विल्की कॉलिन्सच्या 'द वुमन इन व्हाइट'ची थोरवी पुष्कळांनीं गाइली आहे. आमचें गाऱ्हाणें तिच्या नायिकेविषयीं आहे. आणि नायिका आम्ही त्या रडव्या लॉराला समजत नाहीं, मेरियन हॅल्कमला समजतों. सळसळणारा रेशमी पोषाख उतरवून, काळा झगा पांघरून ही मुलगी ऐन रात्रीं व्हरांड्याच्या छपरावर जाऊन बसते आणि पावसांत भिजत दोघां ठकांचें कारस्थान ऐकते! या धैर्याबद्दल ग्रंथकार तिला देतो काय? ताप! ती अंथरुणाला खिळतांच काउंट फॉस्को तिची रोजनिशी वाचून काढतो, आणि वर प्रशंसेचा शेराहि मारतो. पुढें वेड्यांच्या इस्पितळांतून लॉराला सोडविते ती मेरियनच, हें खरें; पण लागलीच सूत्रें वॉल्टरच्या हातीं जातात आणि मेरियन लंडनच्या भाड्याच्या खोल्यांत घरकाम पाहूं लागते. तिचें तोंड कुरूप ठरवून लग्नाचा प्रश्न तर पहिल्या भेटींतच निकालांत काढलेला. स्वतः निर्मिलेल्या स्त्रीची ग्रंथकारासच भीति वाटली, असें आम्हांस स्पष्ट दिसतें. कोणी म्हणतील, १८६० सालची कादंबरी. काळच तसा होता. मग १८४७ सालची जेन एअर कोणत्या काळांतली?