पडून राहिलेली लायसन्स म्हणजे विक्री नव्हे

मार्च संपला आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्या पार्टनर मंडळींची पत्रं येऊ लागली. तक्रार बहुतेकांची एकच. तिमाहीचा आकडा गाठायचा म्हणून ३१ तारखेच्या संध्याकाळी प्रिन्सिपलच्या, म्हणजे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या, चॅनल मॅनेजरने पन्नास युजर लायसन्सची पीओ, म्हणजे खरेदी ऑर्डर, मागितली. ‘ग्राहक नंतर शोधू, नाही खपली तर परत घेऊ,’ असं तोंडी सांगितलं. तोंडीच! आणि पार्टनर म्हणून असलेला टियर घसरेल, डिस्काउंट जाईल या भीतीने पार्टनरांनी सही केली.

आता हिशेब बघा. इन्व्हॉइस ३१ मार्चचं, म्हणून जीएसटीचं क्रेडिट लगेच घेतलंत. त्या इन्व्हॉइसला १८० दिवस भरतात २७ सप्टेंबरला. तोवर प्रिन्सिपलचे पैसे चुकते झाले नाहीत, तर त्यानंतरच्या रिटर्नमध्ये ते क्रेडिट व्याजासह उलटवावं लागतं. लायसन्स परत घ्यायची म्हटली, तरी क्रेडिट नोट काढून कर कमी करून घ्यायला प्रिन्सिपलला मुदत ३० नोव्हेंबरपर्यंतच. डिसेंबरात परत घेतली, तर जीएसटीचे ते १८ टक्के कुणी सोसायचे यावर वाद, आणि त्या वादात लहान पार्टनरच हरतो.

ज्यांनी बान फोर या ईआरपी सॉफ्टवेअरवर काम केलंय त्यांना ही वाट कुठे जाते ते माहीत आहे. नेदरलँड्समधल्या बार्नेवेल्डला १९७८ साली यान बान यांनी ‘बान’ ही छोटी सल्लागार कंपनी सुरू केली. पुढे बान फोर झालेल्या ट्रायटन पॅकेजच्या बळावर तिने १९९४ मध्ये बोइंगचं काम मिळवलं आणि १९९५ मध्ये शेअर बाजार गाठला. पुढे वाढीचा वेग कायम दिसावा म्हणून मध्यस्थांकडे पोचलेली, पण कोणाच्याही कारखान्यात न बसलेली लायसन्स विक्रीत धरली गेली. त्या मध्यस्थांत यान बान आणि त्यांच्या भावाच्याच गुंतवणूक कंपनीशी संबंधित पुनर्विक्रेतेही होते. १९९८ मध्ये हे बाहेर आलं, शेअर कोसळला, यान बान पायउतार झाले. इन्व्हेन्सिसने २००० मध्ये कंपनी सुमारे ७० कोटी डॉलरला घेतली आणि तीनच वर्षांत १३.५ कोटींना विकून टाकली. पॅकेज मात्र इन्फॉर एलएन या नावाने आजही कारखाने चालवतंय. इतका चांगला माल बनवणारी माणसं विक्रीच्या नोंदीपायी बुडाली, याची हळहळ वाटते.

आपल्याकडचे प्रिन्सिपल यातून काही शिकलेले दिसत नाहीत, आणि दर मार्चला सही करून वर आम्हाला पत्र लिहिणारे पार्टनरही नाहीत. मंडळी, सही तुमची आहे! पीओवर अंतिम ग्राहकाचं नाव आणि त्याच्या वर्क ऑर्डरचा क्रमांक नसेल तर ती देऊ नका. परतीची अट मेलवर मागा. मिळाली नाही तर तेच उत्तर समजा. एकट्याने नाही म्हणणं जड जातं हे आम्ही जाणतो, म्हणून आपल्या शहरातल्या चार पार्टनरांनी मिळून नाही म्हणा, जूनअखेरचा फोन येण्याआधी. आणि ज्यांच्याकडे मार्चची लायसन्स पडून आहेत त्यांनी प्रिन्सिपलला आजच लेखी कळवा. २७ सप्टेंबरची वाट बघत बसू नका.