तो काल आला, की तो काळ आला?

मोबाइलवर मराठी लिहिताना पुष्कळजण रोमन अक्षरे वापरतात. त्या लिपीत 'ल' आणि 'ळ' यांना एकच अक्षर. 'के-ए-एल' एवढे उमटले, की 'काल', 'काळ' की 'कळ' हे कृत्रिम बुद्धिमत्तेला अंदाजानेच ठरवावे लागते. तो अंदाज बहुधा बरोबर येतो, हे मी आनंदाने मान्य करतो. परंतु 'तो काल आला' आणि 'तो काळ आला' ही दोन्ही वाक्ये निर्दोष आहेत. यांतले कोणते मनात होते, हे लिहिणाराच जाणतो.

काही कळफलक असे शब्द वरच्या ओळीत मांडून आपल्या निवडीची वाट पाहतात. ती रीत मला भावते. काही मात्र न विचारता शब्द बदलतात. मुलांच्या निबंधात मी तांबड्या शाईने चूक दाखवीत असे. त्यांचे वाक्य खोडून माझे कधी घातले नाही. (मोह पुष्कळदा झाला!) आता तर सबंध परिच्छेद नव्याने लिहून देणारी साधने आली आहेत. त्यांनी बदललेला प्रत्येक शब्द मूळ शब्दाशेजारी दाखवावा, तो नाकारू द्यावा आणि ही मदत बंद करण्याची सोय हाताशी ठेवावी. माझ्या मोबाइलवर ती सेटिंगमध्ये इतकी खोल दडलेली होती, की शोधण्यात एक दुपार गेली.