'कार्ब्स' नावाचा एकच आरोपी

लग्नाच्या पंगतीत हल्ली नवं सोवळं आलं आहे. "मी कार्ब्स खात नाही." पूर्वी कांदा-लसूण न खाणारे ज्या सुरात सांगत, अगदी त्याच सुरात हे सांगितलं जातं, आणि वाढपी भाकरीची परात घेऊन ओशाळून पुढे सरकतो.

साखर, मैदा, पॉलिशचा तांदूळ, ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, गवारीची भाजी हे सगळं आपण 'कार्ब्स' या एका शब्दात कोंबलं आणि सगळ्यांना एकच शिक्षा ठोठावली. खटलाच चुकीचा चालला, असं माझं म्हणणं आहे. त्यात ज्याची उपासमार झाली, त्याला कुणी साक्षीलाही बोलावलं नाही. तो राहतो आपल्या मोठ्या आतड्यात.

कर्बोदकं म्हणजे साखरेच्या साखळ्या. कड्या कशा जोडल्यात, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. भातातलं पिष्ट, उसाची साखर, दुधातली साखर या साखळ्या तोडायला माणसाच्या जनुकांत वीसहून कमी एन्झाइम्स आहेत. आतड्यातल्या बॅक्टेरॉइड्स थेटायोटाओमायक्रॉन या एकट्या जिवाणूकडे अडीचशेहून जास्त आहेत. कोंडा, टरफल, भाजीतला चोथा आपल्याला पचत नाही; तो हे पाहुणे पचवतात आणि भाड्यापोटी ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी छोटी आम्लं देतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन हेच ब्युटिरेट. पाहुणे म्हटलं खरं, पण घर तेच चालवतात.

निसर्गाला हा व्यवहार किती महत्त्वाचा वाटतो, ते आईच्या दुधात पाहावं. दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्यानंतर त्यात सर्वांत जास्त असतात त्या अशा शर्करा-साखळ्या, ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या असतात बाळाच्या आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरियांसाठी. आई एकाच वेळी दोन पंगती उठवत असते. आणि आपण मोठे झाल्यावर त्यातली एक पंगत बंद करून टाकतो.

बंद केली तर काय होतं? 2016 मध्ये 'सेल' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसाच्या आतड्यातले जिवाणू सोडलेल्या उंदरांचा चोथा तोडला, तेव्हा जिवाणू आतड्याच्या आतला श्लेष्माचा थर खाऊ लागले. थर पातळ झाला आणि रोगजंतूंना आत शिरायला वाट मिळाली. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या सोनेनबर्ग पती-पत्नींच्या प्रयोगशाळेनं दाखवलं, की उंदरांच्या काही पिढ्या कमी चोथ्यावर काढल्या, तर हरवलेले जिवाणू नुसता चोथा परत देऊन परतत नाहीत. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. पण 2015 मध्ये स्टीफन ओकीफ यांच्या गटानं पिट्सबर्गच्या 20 आफ्रिकन-अमेरिकनांना आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातल्या 20 जणांना दोन आठवडे एकमेकांचं जेवण दिलं. चोथा वाढलेल्या अमेरिकनांमध्ये ब्युटिरेट वाढलं, आतड्यातला दाह कमी झाला. आफ्रिकनांमध्ये नेमकं उलट. फक्त दोन आठवड्यांत!

आता कीटोवाल्यांचा हुकमी पत्ता. आपण भारतीय सुमारे 62 टक्के उष्मांक कर्बोदकांतून घेतो, असं आयसीएमआर-इंडियाबच्या 2025 च्या अभ्यासात आलं आहे. याच पाहणीनुसार 2021 मध्ये देशात 10 कोटींहून जास्त मधुमेही होते. आणि पांढऱ्याऐवजी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ घेतलं, पण एकूण प्रमाण तेच ठेवलं, तर धोका कमी झालेला दिसला नाही. हे भाकरीभक्तांना, म्हणजे मलाही, कडू लागतं. पण गिळायला हवं. चार भाकऱ्यांचं जेवण ज्वारीची आहेत म्हणून निर्दोष ठरत नाही.

पण तोच अभ्यास पुढे काय सांगतो? कर्बोदकांतला थोडा वाटा वनस्पतिजन्य किंवा दुधातल्या प्रथिनांना दिला, तर धोका कमी दिसतो. म्हणजे भाकरी एक कमी आणि उसळ एक वाटी जास्त. तांदळात शंभर ग्रॅमला तीन ग्रॅमही चोथा नसतो, ज्वारीत दहाच्या आसपास असतो, अख्ख्या हरभऱ्यात पंचवीस. प्रथिनं हवी असणाऱ्याचं आणि जिवाणूचं, दोघांचंही पोट एकाच वाटीत भरतं. कार्ब्सवाल्या सोवळ्यात मात्र ही वाटीही बाटलेली!

उसळीनं वात होतो म्हणतात. होतोच. कडधान्यातल्या ज्या साखळ्या आपल्याला पचत नाहीत, त्या खाऊन जिवाणू वायू सोडतात. ज्यांचं आतडं खरंच हळवं आहे त्यांनी डॉक्टरांचं ऐकावं. बाकीच्यांनी वाटी हळूहळू वाढवावी आणि थोडा आवाज सहन करावा.

आणि बाजार पाहा. आधी कोंडा काढून पीठ विकलं, मग कोंडा डब्यात भरून 'फायबर' म्हणून विकला, आता जिवाणूही कॅप्सूलमध्ये मिळतात. या कॅप्सूलमधल्या बिचाऱ्यांना खायला काय घालणार, हे डब्यावर कुठेच लिहिलेलं नसतं.

ज्यांना कार्ब्स सोडणं परवडतं, त्यांचं एक वेळ ठीक आहे. पनीर, अंडी, बदाम खाऊन ते निभावून नेतील. पण 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिना पाच किलो धान्य दिलं, जानेवारी 2023 पासून ते फुकट झालं, आणि पिशवीत येतो तो मुख्यतः तांदूळ आणि गहू. कायद्यात भरडधान्याचं नाव आहे. कडधान्याचा तर हक्कच नाही. त्याच 2023 मध्ये आपण जागतिक भरडधान्य वर्ष साजरं केलं, ज्वारी-बाजरीचं 'श्रीअन्न' असं बारसं केलं, आणि दुकानांत मिलेट कुकीज आल्या. ज्याच्या घरी तीन पिढ्या भाकरी होती, त्याच्या मुलाच्या हातात आज पाच रुपयांचा बिस्किटपुडा आहे. त्याला 'कार्ब्स कमी कर' असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

तामिळनाडूत रेशनवर स्वस्त तूरडाळ मिळते. महाराष्ट्र तर हरभरा पिकवणाऱ्या आघाडीच्या राज्यांतला. मग इथल्या प्रत्येक कार्डावर महिन्याला दोन किलो सालासकट हरभरा द्यायला नेमकी काय अडचण आहे, ते मंत्रालयानं एकदा सांगावं.