स्वस्त कॉन्टेसा गरिबाला परवडत नाही

जुनी मोटार घेऊन ती पुन्हा चालती करण्याचा बेत रत्नागिरीत कुणी बोलून दाखवला, की घरातलं वडीलधारं माणूस एकच म्हण तोंडावर फेकतं: चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. या म्हणीपुढे भलेभले गप्प बसतात. बसू नये. मसाला महाग पडतो यात वाद नाही, पण तेवढ्यावरून जेवण वाईट ठरत नाही. म्हण ऐकवणारा हाच माणूस सात वर्षांच्या हप्त्यावर नवी गाडी घेतो. ती शोरूमच्या दारातून बाहेर पडल्या दिवसापासून तिची किंमत उतरते, वर बँकेचं व्याज चढतं, आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडीचा भाव कुठल्या कुठे गेलेला असतो. त्या तोट्याला कुणी मसाला म्हणत नाही, गरज म्हणतात. पेटी शिकायला जाणाऱ्याला यातून परत काय मिळणार असं आपण विचारत नाही. मोटारीच्या नादालाच नफ्याची अट का?

वडीलधाऱ्यांचं आणखी एक वाक्य असतं. ते म्हणीइतकं चटकदार नसल्यामुळे वाऱ्यावर जातं: “आपल्या हवेत ती टिकायची नाय.” म्हण खोटी आणि हे वाक्य खरं, असं माझं मत आहे. नाद करणारी मंडळी मात्र म्हणीला घाबरतात आणि या वाक्याकडे काणाडोळा करतात.

आधी नाद कशाचा ते पाहू. अमेरिकेतल्या पाँटियाकने १९६४च्या मॉडेलात मध्यम आकाराच्या साध्यासुध्या गाडीत सहा लिटरहून मोठं, सव्वातीनशे अश्वशक्तीचं इंजिन बसवलं, तिला जीटीओ नाव दिलं आणि त्या जास्तीच्या ऐवजाचे पुरते तीनशे डॉलरही घेतले नाहीत. मसल कारचा जन्म असा कमी पैशांत जास्त जोर मागणाऱ्या तरुण पोरांसाठी झाला. आज ती श्रीमंतांच्या लिलावात जाऊन बसली आहे, आणि जकात भरून ती इथे आणणं रत्नागिरीच्या पगारदाराने मनातही आणू नये. मग आपली पोरं ती हौस कॉन्टेसावर भागवतात. लांब बॉनेट, रुंद छाती, मागच्या चाकांना जोर. लांबून पाहिली तर शोभते. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने १९८४ साली आणलेली ही गाडी अंगाने विलायतेतली व्हॉक्सॉल व्हिक्टर. पोटात मात्र सुरुवातीला अँबेसिडरचंच दीड लिटरचं, पन्नासएक अश्वशक्तीचं इंजिन होतं. एवढ्या मोठ्या देहाला ते आंबा घाटात कसं ओढत असेल याची कल्पनाच करावी. पुढे अठराशे सीसीचं इसुझू इंजिन आलं तेव्हा गाडीत थोडा प्राण आला, तरी जीटीओच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही तो भरत नाही.

कॉन्टेसाची चेष्टा करायची म्हणून हे सांगत नाही, मला ती आवडते. पण कॉन्टेसा घेणारा जोर विकत घेत नसतो, रूप विकत घेत असतो, आणि रूप सगळं पत्र्यात असतं. एवढं मान्य केलं की पुढचा सारा हिशेब बदलतो.

मध्येच कायद्याचा बागुलबुवा उभा राहतो. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावी लागते, असं छातीठोक सांगणारे प्रत्येक नाक्यावर भेटतात. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी बंद करण्याचा आदेश दिल्ली आणि तिच्या आसपासच्या प्रदेशासाठी होता. तो रत्नागिरीतल्या मारुती मंदिरच्या सर्कलला लागू करायचं कारण नाही. मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, आणि पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. फुकट नाही. २०२२च्या एप्रिलपासून या वाढीची फी पाच हजार झाली, २०२५च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार, शिवाय राज्याचा पर्यावरण कर. पन्नास वर्षं उलटलेल्या गाड्यांसाठी २०२१ साली व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय झाली, पण त्या पाटीची गाडी रोज बाजारात न्यायची नसते. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर यावी असा नियम आहे. पहिल्यावहिल्या कॉन्टेसालाही तिथवर पोचायला २०३४ उजाडेल.

कायद्याची भीती खोटी असली तरी कागदाची भीती खरी आहे. मूळ मालक वारलेला, वारसांत एकमत नाही. आरसी बुकावर बँकेचा बोजा अजून चढलेलाच. नोंदणी कधी काळी संपलेली. जुनी नोंद संगणकात चढलेलीच नाही. चासी नंबर गंजाने खाल्लेला असेल तर तपासणीला आलेला निरीक्षक तरी काय वाचणार? असली गाडी फुकट मिळाली तरी महाग.

आता माझं खरं भांडण आहे त्या मंडळींकडे वळतो. हे माझेच लोक, म्हणून जरा जोरात बोलतो. त्यांचं वाक्य ठरलेलं असतं: “अमक्याच्या आवारात पडून आहे, चाळीस हजारांत देतोय, इंजिन चालू आहे, थोडासा गंज आहे, हळूहळू करू.” या वाक्यातला प्रत्येक तुकडा माणसाला बुडवणारा आहे.

‘इंजिन चालू आहे’ हे सांगून विकणारा सर्वांत स्वस्त वस्तूची जाहिरात करत असतो. लोखंडी ब्लॉकचं जुनं इंजिन बंद असलं तरी ते उघडता येतं, मोजता येतं. बोअर मारायचं, ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा घालायच्या, क्रँक ग्राइंड करायचा, हेड घासून व्हॉल्व्ह बसवायचे. कामाला सुरुवात आणि शेवट दोन्ही असतात, आणि हेड खोलल्यावर मेकॅनिक खर्चाचा आकडा बऱ्यापैकी सांगू शकतो. घाट चढून गेलं की कोल्हापूर. तिथल्या शिवाजी उद्यमनगरात पिढ्यान् पिढ्या इंजिनांचंच काम चालतं. शिवाय कॉन्टेसाचं इसुझू इंजिन १९९० नंतरच्या अँबेसिडरमध्येही बसलं होतं आणि अँबेसिडर २०१४पर्यंत बनत होती, त्यामुळे या इंजिनाचा माल आणि त्यातला जाणकार, दोन्ही अगदी नामशेष झालेले नाहीत.

‘थोडासा गंज’ हा शब्दप्रयोग मिऱ्यापासून पावसपर्यंतच्या पट्ट्यात तरी कायमचा बंद करावा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने समुद्र हवेत मीठ सोडत असतो. मीठ ओल धरून ठेवतं. मे महिन्यात हाताला पत्रा कोरडा लागला तरी त्यावर ओलीचा पातळ थर असतो आणि त्या थरात गंजाची क्रिया चालूच असते. त्यात मडगार्डच्या आत जांभ्याची लाल माती गच्च बसलेली. मिरकरवाड्याहून मासळी नेणाऱ्या गाड्यांचं खारं पाणी रस्त्यावर सांडतं, तेही चाकांनी उडवलेलं. पण खरी नासाडी दिसते तिथे होत नाही. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात, त्या फटीत गंज शिरतो. गंज लोखंडाहून कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आतून जोड उचकटतो, आणि रुंदावलेल्या फटीत आणखी पाणी शिरतं. रंगाला बाहेर चार फोड येतात तोवर आत चाळण झालेली असते.

कॉन्टेसाला, तशी पद्मिनीला आणि अँबेसिडरलाही, ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळ, दरवाजाखालच्या पेट्या, पुढचे-मागचे पत्रे हाच सांगाडा. दरवाजाखालची पेटी सडली म्हणजे गाडीचा कणा गेला. जॅक लावला तर गाडीऐवजी जॅकच आत जातो. हा पत्रा तयार विकत मिळत नाही. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापत जायचं, नवा पत्रा वाकवून त्या घाटाचा करायचा, वेल्डिंग मारायचं, आणि कापताना दर वेळी आणखी पुढे सडलेलं निघायचं. डेंटर रोजावर काम करतो. त्याची मजुरी योग्यच आहे, पण किती रोज लागतील हे तोही सांगू शकत नाही. कमी पैशांच्या माणसाने अंत न दिसणाऱ्या कामात हात घालणं यालाच मी उधळपट्टी म्हणतो.

आणि ‘हळूहळू करू’? हळूहळू इंजिन करता येतं. सुटं करून, तेल लावून, गोणपाटात गुंडाळून ते पडवीत ठेवलं तर वर्षभराने तसंच सापडतं. कापलेला, उघडा पत्रा कोकणातला एक पावसाळा काढू शकत नाही. वरून प्लॅस्टिकची ताडपत्री टाकली तर अधिकच वाईट. आतली दमट हवा कोंडते आणि गाडी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत वाफेत राहते.

एवढं खोडून काढल्यावर मी काय मांडतो? हेच, की ज्याच्याकडे पैसे थोडे त्याने महागातली गाडी घ्यावी. समजा हातात एकूण दोन लाख आहेत. चाळीस हजारांची सडकी गाडी घेऊन एक लाख साठ हजार तिच्यात ओतण्यापेक्षा सव्वा लाख गाडीलाच द्यावेत: पत्रा कोरडा, काचा-दिवे-जाळी-मुठी सगळं जागच्या जागी, कागद स्वच्छ, आणि इंजिन बंद असलं तर उत्तमच. बंद इंजिनाच्या नावाने घासाघीस करता येते. समोरचा ज्याला दोष समजून भाव उतरवतो तो आपल्या दृष्टीने सगळ्यांत भरून निघणारा दोष असतो. उरलेल्या पाऊण लाखात इंजिन, ब्रेक, टायर आणि रबर बसवायचं. रबराचा खर्च विसरू नये, कारण पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुन्या पाइपांना आणि पंपाच्या पडद्यांना सोसत नाही, आणि त्यात पाणी ओढून घेण्याचा गुण असल्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजवतं.

अशी गाडी रत्नागिरीत शोधू नये, हे गावाच्या अभिमानाला गिळायला जड जाईल. जत, आटपाडी, सांगोला या बाजूला वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दुष्काळाने त्या मुलुखाचं जे व्हायचं ते झालं, पण तिथल्या जुन्या गाड्यांचे पत्रे वाचले. रंग उन्हाने उडालेला, सीटचं रेक्झिन तडकलेलं, डॅशबोर्ड भेगाळलेला. दिसायला भिकार, आणि खाली वाकून पाहिलं तर तळ शाबूत. आपल्याकडची गाडी नेमकी उलटी असते. लांबी भरून, वर चकचकीत रंग मारून ती गणपतीला मुंबईहून आलेल्या गिऱ्हाइकासाठी सजवलेली. म्हणून खिशात लोहचुंबक ठेवावं, लांबीवर ते चिकटत नाही. स्क्रूड्रायव्हरने तळ टोचून पाहायची परवानगी मागावी. नाही म्हणणाऱ्याचा चहा पिऊन परत यावं. पुढच्या काचेच्या वरच्या कडेवर बादलीभर पाणी ओतावं आणि चटईखाली हात घालावा.

मसलचा हट्टच सोडला तर पद्मिनी बरी. १०८९ सीसी, चाळीसएक अश्वशक्ती, कुर्ल्याच्या प्रीमियरचं काम. मुंबईत तिची शेवटची टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात थांबली, म्हणजे तिच्यावर हात बसलेला मिस्त्री अजून म्हातारा झालेला नाही. जीपचा मोह मात्र जपून. सपाट पत्रे मिरजोळे एमआयडीसीतला कुठलाही फॅब्रिकेटर वाकवून देईल, इतकं ते काम सोपं आहे. त्यामुळेच एकीची चासी, दुसरीचं इंजिन आणि तिसरीचे कागद अशी जमवलेली जीप बाजारात सहज गळ्यात पडते. कायद्याच्या कलम ५२ला उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत केलेली असली ढवळाढवळ चालत नाही, आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं आहे.

“म्हणजे हौस पुन्हा पैसेवाल्याचीच,” असा टोला येईल. उलट आहे. सडकी गाडी सोसायला बुडाशी पैसा लागतो. दहा वेळा डेंटरकडे जाऊन अकराव्यांदाही खिशात हात घालता आला पाहिजे. ज्याचा खिसा दुसऱ्याच वेळी रिकामा होतो त्याची गाडी अर्धी कापलेली राहते, आणि मग तीच पुन्हा कुणाच्या तरी आवारात ‘चाळीस हजारांत’ पडून असते.

जत-आटपाडीकडून घेतलेली गाडीही लगेच घाटाखाली आणायची घाई करू नये. जो थोडाफार पत्रा करायचा तो, खालचं रेड ऑक्साइड, पेट्यांच्या आत मेण किंवा तेल आणि शेवटचा रंग, एवढं वरच उरकावं. मेअखेर ते होत नसेल तर पावसाळ्यापुरती तिकडेच कुणाची कोरडी शेड भाड्याने घ्यावी, आणि ते चार-पाच महिन्यांचं भाडं दोन लाखांच्या हिशेबात पहिल्याच दिवशी लिहून ठेवावं.