नाल्याची साक्ष

सांडपाण्यात माणसाला बाधणारे विषाणू शोधत बसणं ही मोठ्या शहरांची चैन आहे, कर्जत-खालापुराला ती परवडायची नाही, असं मत हल्ली फार अधिकारवाणीने मांडलं जातं. मांडणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं : विहिरीत आणि टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाका, जलसुरक्षकाला क्लोरीन मोजणारी ओटी टेस्ट घ्यायला लावा, ठरल्या वेळी बाटली प्रयोगशाळेत पाठवा, ई-कोलाय निघाला नाही की पाणी निर्धोक. ग्रामपंचायतीला निर्धोक पाण्याचं हिरवं कार्ड मिळालं की विषय मिटला. विषाणूंचं नाव काढलंत तर लोक घाबरतील, शेतघरांचा आणि रिसॉर्टांचा धंदा बसेल. आणि मुळात तुमच्याकडे भुयारी गटारंच नाहीत, तर तपासणार कशाला? ऐकायला हे सगळं व्यवहारी वाटतं. पण या इमारतीचा पहिलाच दगड पोकळ आहे. ई-कोलाय नाही म्हणजे विषाणू नाही, हे गृहीतच चुकीचं आहे, आणि ते चुकीचं असल्याचं आपल्याच देशात सत्तर वर्षांपूर्वी सिद्ध झालेलं आहे.

१९५५ सालच्या पावसाळ्यानंतर दिल्लीत यमुनेने पात्र बदललं आणि नजफगड नाल्याचं मैलापाणी वजिराबादच्या उपसा केंद्रापर्यंत पोचलं. तिथले अभियंते गाफील नव्हते. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवलं. त्याचा परिणामही झाला : शहरात विषमज्वर वाढला नाही, हगवण वाढली नाही. जिवाणूंच्या कसोटीवर पाणी उतरलं होतं. आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत काविळीची साथ आली, सुमारे २९ हजार लोक पिवळे पडले. पुढे कित्येक वर्षांनी, जपून ठेवलेल्या रक्तजलाची तपासणी झाली तेव्हा ही साथ ‘अ’ प्रकारच्या काविळीची नव्हती हे कळलं; आज आपण तिला हिपॅटायटिस ई म्हणतो. या घटनेचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. त्याच पाण्यात, त्याच क्लोरीनखाली जिवाणू मेले आणि विषाणू जगले. कारण दोघांची जातकुळीच वेगळी. ई-कोलाय एक-दोन मायक्रॉन लांबीचा. काविळीचा विषाणू ३० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे त्याच्या कित्येक पटींनी बारीक. वाळूच्या गाळणीत जिवाणू बऱ्यापैकी अडकतो, विषाणू सहज निसटतो. गढूळ पाण्यात तो मातीच्या कणांना चिकटून बसतो आणि क्लोरीन त्याच्यापर्यंत पोचतच नाही. गार पाण्यात तो जिवाणूपेक्षा जास्त दिवस टिकतो. शिवाय बाधित माणसाच्या एक ग्रॅम विष्ठेत काही विषाणूंचे अब्जावधी कण असतात आणि दुसऱ्याला आजारी पाडायला त्यांतले मोजके पुरतात. अशा शत्रूच्या बाबतीत १०० मिलिलिटर पाण्यातल्या ई-कोलायची साक्ष काढायची, आणि त्या साक्षीवर सगळ्या गावाला निर्धास्त करायचं, याला शास्त्र म्हणत नाहीत. ज्याने चोर पाहिलाच नाही त्याला पंच करून पंचनामा उरकण्यातला हा प्रकार आहे.

हे माझ्या पदरचं नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, हातात घेऊन वाचावं. त्यात विषाणूंसाठी वेगळा परिच्छेद आहे. एरवी शिल्लक क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम पुरतं, पण विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तिथे ०.५ ठेवा, असं ते मानक सांगतं. एक लिटर पाण्यात एमएस-२ हा जिवाणूभक्षी विषाणू सापडता कामा नये, असंही सांगतं. आता प्रश्न असा, की ‘संरक्षण हवं असेल तिथे’ हे ठरवायचं कोणी आणि कशावरून? रुग्ण पिवळा पडला यावरून? हिपॅटायटिस ई अंगात शिरल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात. तोवर ते पाणी सगळं गाव प्यायलेलं असतं. आणि गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत ही कावीळ झाली तर पाचातली एक बाई दगावू शकते. हे माहीत असूनही ‘आधी रुग्ण येऊ द्या, मग बघू’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, आणि तो लपवायचं कारण दिसत नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीला हीच कावीळ आली, २०१५च्या अखेरीस सिमल्याला आली. दोन्हीकडे पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळलं होतं. एक नदीकाठचं गिरणगाव, दुसरं डोंगरावरचं पर्यटनाचं शहर. आपल्या तालुक्यांत डोंगर, नदी आणि पर्यटक तिन्ही आहेत.

हीच विचारसरणी पूर्वी शौचालयांच्या वादात भेटली होती. घरागणिक शौचालय झालं, गाव हागणदारीमुक्त झालं, फलक लागला, सत्कार झाले. टाकी भरल्यावर मैला कुठे जातो, पावसाळ्यात शोषखड्डा तुडुंब भरला की त्यातलं पाणी कुठे वाहतं, सेप्टिक टँक उपसणारी गाडी रात्री कुठल्या ओढ्याशी रिकामी होते, हे विचारणाऱ्याला तेव्हा विकासाचा शत्रू ठरवण्यात आलं. शौचालयं हवीच होती; त्यावर वाद नव्हता. वाद होता तो मोजणी दारातच थांबवण्यावर. आज नळाच्या तोटीशी मोजणी थांबवणारे त्याच वळणाचे आहेत.

राहिलेले आक्षेप फार वेळ घेण्यासारखे नाहीत. तपासणीत मेलेले विषाणूही दिसतात म्हणे : दिसू देत, ते कोणाच्या तरी पोटातूनच आले, आणि आपल्याला नेमकं तेच हवं आहे. यंत्रं महाग म्हणे : आरटी-पीसीआरची यंत्रं कोविडच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत आली आहेत. खाजगीपणाचा भंग म्हणे : नाल्यातल्या एक लिटर पाण्यावर कोणाचंही नाव लिहिलेलं नसतं, पाचशे घरांची तपासणी एका बाटलीत होते. आणि भुयारी गटारं नाहीत हा आक्षेप तर मुळातूनच गैरलागू; पाहणीला वाहतं सांडपाणी पुरतं. मुंबईत पोलिओसाठी सांडपाण्याची पाहणी २००१ मध्ये सुरू झाली. शहरात पोलिओचा रुग्ण नसतानाही सांडपाण्यात विषाणू सापडले, आणि तिथे लस पुन्हा पोचवता आली. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११चा. त्याआधी आणि नंतरही ही पाहणी चालूच राहिली. इस्रायलमध्ये २०१३ साली एकही मूल लुळं न पडता सांडपाण्यात पोलिओचा विषाणू महिनोन्‌महिने सापडत होता. १९४८ साली इंग्लंडमध्ये पॅराटायफॉइडचे वाहक शोधले गेले ते गटारात दोरीने गॉझची घडी सोडून. दोरी, गॉझ आणि वाहतं घाण पाणी. यातलं काय आपल्याकडे नाही?

आता करायचं काय, ते सांगतो. राजमाचीच्या डोंगरातून उतरणारी उल्हास कोंडाण्याच्या लेण्यांखालून कर्जतकडे येते आणि पुढे बदलापूर, उल्हासनगर, कल्याणची तहान भागवते. भिवपुरीच्या वीजघरातून सुटणारं पाणी पेज नदीवाटे तिलाच मिळतं. खोपोलीच्या वीजघराचं पाणी पाताळगंगेला बारमाही ठेवतं. बारमाही वाहणारी नदी म्हणजे बारमाही वाहतूक, विषाणूचीसुद्धा. म्हणून वस्तीचे नाले या नद्यांना जिथे मिळतात त्या तोंडांशी, आणि सेप्टिक टँक उपसणाऱ्या गाड्यांतून, दर पंधरा दिवसांनी एकेक लिटरचा नमुना घ्यावा. पहिल्या पावसात दर आठवड्याला, कारण तेव्हा उन्हाळाभराची साठलेली घाण एकदम वाहून येते. त्यात काविळीचे ‘अ’ आणि ‘ई’ हे दोन्ही विषाणू, एंटेरोव्हायरस आणि रोटाव्हायरस शोधावेत. सोबत मिरचीच्या रोपावरचा एक निरुपद्रवी विषाणू मोजावा. आपण खाल्लेल्या मिरचीतून, तिखटातून तो पोटात जातो आणि तसाच शाबूत बाहेर पडतो. माणसाच्या विष्ठेत तो मुबलक असतो हे २००६ मध्ये उघड झालं. आपल्या जेवणात तिखट असतंच, तेव्हा पाण्यात माणसाचा मैला किती मिसळला याचं इतकं नेमकं माप दुसरं मिळणं कठीण. नाल्यात काविळीचा विषाणू वाढला की खालच्या अंगाच्या गावांनी क्लोरीन ०.२ वरून ०.५ वर न्यायचं, गढूळपणा आधी उतरवायचा, आणि आशाताईंनी गरोदर बायकांच्या घरी जाऊन पाणी उकळून प्यायला सांगायचं. याने नदी स्वच्छ होणार नाही, आणि मैला शुद्ध करण्याचं काम टळणारही नाही, हे मी मान्य करतो. पण काविळीचा पहिला रुग्ण दवाखान्यात येण्याआधी गावाला कळेल.

याच उल्हासवरच्या कोंढाणे धरणाचं काम सिडकोकडे सोपवलेलं आहे, आणि त्याचं पाणी उद्या शहरांच्या नळांत जायचं आहे. तोवर कर्जत-खालापुरातल्या प्रत्येक ग्रामसभेत हिरवं कार्ड वाचून दाखवलं जाईल तेव्हा एकाने तरी उभं राहावं, आणि हे पाणी विषाणूंसाठी कधी तपासलं ते विचारून त्याचं उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं.